फायर पंपाची उभारणी आणि स्प्रिंकलरची देखभाल : हे काम कसे शिकावे

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते. ती तशी असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, ज्याला बोलताना सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात, दर जानेवारी आणि जुलै महिन्यात द्यावे लागते. त्या कागदामागे पंपघरात प्रत्यक्ष हात लावणारा माणूस मात्र बहुधा आयटीआयमधून फिटर, प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन होऊन आलेला असतो, आणि फायर पंप हा पाण्याच्या साध्या पंपापेक्षा कुठे वेगळा आहे हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. पुढील मार्गदर्शन अशा तंत्रज्ञासाठी आहे.

अभ्यासक्रम निवडताना प्रमाणपत्राआधी संस्थेची कार्यशाळा पाहावी. तिथे इलेक्ट्रिक पंप, डिझेल पंप आणि जॉकी पंप (लाइनचा दाब टिकवणारा छोटा पंप) एकाच हेडरवर, म्हणजे सामाईक मुख्य पाइपवर, जोडलेले आहेत का, फ्लो मीटर असलेली टेस्ट लाइन आहे का, आणि शिकणाऱ्याला स्वतः पंप चालवू देतात का, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर नकारार्थी असेल तर तिथे फक्त वह्या भरतील. वाचनासाठी पंपांचे भारतीय मानक आयएस १५३०१, स्प्रिंकलरचे (उष्णतेने आपोआप उघडून पाणी फवारणाऱ्या छतावरील तोट्यांचे) आयएस १५१०५ आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग हाताशी ठेवावा. परदेशी कंपन्यांच्या कामावर अमेरिकेच्या एनएफपीए (नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन) या संस्थेच्या २० आणि २५ क्रमांकाच्या मानकांचीही गरज पडते.

उभारणीत सर्वांत जास्त वेळ सक्शनच्या, म्हणजे पंपात पाणी येण्याच्या, बाजूला द्यावा, कारण तिथली चूक डिलिव्हरीकडे, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या बाजूला, कितीही दुरुस्त्या केल्या तरी भरून निघत नाही. टाकीची पातळी पंपाच्या वर असेल तर पाणी आपोआप पंपात येते. ती खाली असेल तर फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाशी पाणी अडवून ठेवणारी झडप) आणि प्रायमिंग टाकी (पंप पाण्याने भरलेला ठेवणारी टाकी) लागते, आणि फूट व्हॉल्व्ह थोडा जरी गळत असला तरी आतले पाणी उतरून पंप कोरडा फिरतो. सक्शन पाइप पंपाच्या तोंडाशी लहान करताना एक्सेंट्रिक रिड्यूसर (एक बाजू सपाट असलेला, पाइपचा व्यास कमी करणारा जोड) वापरावा आणि त्याची सपाट बाजू वर ठेवावी. तसे न केल्यास वरच्या खोबणीत हवा साचते. पाया सुकून ग्राउट भरल्यावर मोटर व पंप जोडणाऱ्या कपलिंगची एकरेषा डायल गेजने तपासावी, आणि पाइप जोडून झाल्यावर ती पुन्हा तपासावी. पाइपची फ्लँज बोल्टने ओढून जुळवली असेल तर तो ताण पंपाच्या बॉडीवर येतो आणि काही महिन्यांत बेअरिंग आवाज करू लागते. ग्लँडची, म्हणजे शाफ्टभोवतीच्या गळतीरोधक जागेची, दोरी इतकी आवळू नये की गळती पूर्ण थांबेल. पंप फिरताना थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे, कारण तेच पाणी शाफ्टची स्लीव्ह थंड ठेवते. नवे हात इथे हमखास चुकतात, कारण घरगुती पंपाची गळती थांबवणे हेच त्यांना आजवर चांगले काम म्हणून शिकवलेले असते.

प्रेशर स्विचची मांडणी उदाहरणाने समजून घ्यावी. समजा लाइनमध्ये ७ बार दाब राखायचा आहे. बारीकसारीक गळती भरून काढणारा जॉकी पंप ६ बारला सुरू होऊन ७ ला बंद होईल, मुख्य इलेक्ट्रिक पंप ५ बारला सुरू होईल, आणि तो चालला नाही तर डिझेल पंप ४ बारला सुरू होईल. जॉकी आपोआप थांबतो; मुख्य पंप मात्र माणसाने जाऊनच बंद करायचा असतो, कारण आग विझली की नाही हे स्विचला कळत नाही. जॉकी दर काही मिनिटांनी सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा एनआरव्ही (पाणी उलट जाऊ न देणारी झडप) नीट बसत नाही असे समजून शोध सुरू करावा.

मग क्षमतेची चाचणी करावी. २२८० लिटर प्रति मिनिट आणि ७ बार असा पंप घेतला, तर प्रवाह दीडपट म्हणजे ३४२० लिटर झाल्यावरही दाब ४.५५ बारच्या, म्हणजे मूळ दाबाच्या ६५ टक्क्यांच्या, खाली जाता कामा नये. शून्य प्रवाह, पूर्ण प्रवाह आणि दीडपट प्रवाह या तीन बिंदूंचे आकडे लिहून कारखान्याच्या आलेखाशी ताडून पाहावेत. पुढच्या वर्षांची तुलना याच आकड्यांशी होते. एनएफपीए २५ नुसार डिझेल पंप आठवड्यातून एकदा ३० मिनिटे चालवतात. इलेक्ट्रिक पंप चालवताना १० मिनिटे पुरतात.

स्प्रिंकलरकडे वळताना आधी काचेच्या बल्बचा रंग ओळखायला शिकावे : नारिंगी ५७, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३ आणि निळा १४१ अंश सेल्सिअस. स्वयंपाकघरातील भट्टीवरचा हिरवा बल्ब काढून तिथे हाताला लागला म्हणून लाल बसवला, तर आग नसतानाही तो फुटू शकतो. रंग उडालेला किंवा रंगकामात रंगलेला हेड (स्प्रिंकलरची तोटी) खरवडून साफ करू नये, तो बदलावा. लायटर धरून हेड तपासण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. हेडखाली सुमारे अर्धा मीटर जागा मोकळी आहे का, हे गोदामात प्रत्येक फेरीत पाहावे. माल छतापर्यंत रचला की पाण्याची छत्री उघडतच नाही.

लाइनच्या टोकाचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावर एका हेडइतके पाणी वाहते. त्यानंतर दीड मिनिटाच्या आत अलार्म वाजला पाहिजे. मुख्य ड्रेन उघडण्यापूर्वीचा आणि उघडल्यानंतरचा दाब दर वेळी नोंदवावा. मागच्या नोंदीपेक्षा वाहता दाब बराच कमी आढळला, तर मार्गातला एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद असण्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी. मी स्वतः एका गृहसंकुलात पाहिले आहे की प्लंबिंगच्या कामासाठी राइजरचा (मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपचा) व्हॉल्व्ह बंद केला गेला आणि तो तसाच राहिला. वरच्या दाबमापकावर अडकलेला जुना दाब दिसत असल्याने कोणालाच शंका आली नव्हती.

यासाठी यंत्रणेचा कोणताही भाग बंद करण्याआधी सोसायटीला किंवा कारखान्याला लेखी कळवावे, बंद केलेल्या व्हॉल्व्हवर आणि पॅनेलवर कुलूप व नावाची पट्टी लावावी, आणि त्या काळात फेरी मारणारा माणूस नेमावा. काम संपल्यावर पट्टी काढण्यापूर्वी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ड्रेनची चाचणी पुन्हा घ्यावी, पॅनेलवरचे तीनही पंपांचे सिलेक्टर स्विच ‘ऑटो’वर आहेत हे हात लावून पाहावे, आणि तारीख, वेळ व दाब वहीत लिहूनच पंपघराचे दार बंद करावे.