पीएचसीतल्या (प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या) लोकांची टीम करायची असेल तर एक केस धरा

कागदावर टीम असतेच. एमओ (मेडिकल ऑफिसर), सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर), सिस्टर, एलटी (लॅब टेक्निशियन), फार्मासिस्ट, गावात आशाताई. पण एकमेकांना फोन जातो तो फक्त रिपोर्ट मागायला. मग नवीन एमओ येतात, टीम बिल्डिंगची मिटिंग लावतात, चहा-बिस्किटं होतात, पुढे सगळं जैसे थे.

त्यापेक्षा एक हायरिस्क माता धरा. समजा आठवा महिना, हिमोग्लोबिन 6.8. 7 च्या खाली म्हणजे सिव्हिअर अ‍ॅनिमिया, रक्त फारच कमी. हे आधी कळतं एलटीला, आणि तो रजिस्टरला आकडा लिहून पुढची ट्यूब घेतो. इथेच नियम करा, असा आकडा दिसला की बाई गेटबाहेर पडायच्या आत एमओला सांगायचं. पुढे एमओ रेफर करणार, सीएचओ वरच्या हॉस्पिटलला फोन लावणार, सिस्टर 102 ची गाडी बघणार, आशाताई सासूची समजूत काढणार (हे सगळ्यात अवघड काम, आणि त्यालाच कोणी काम म्हणत नाही). कोण काय करणार ते नावासकट ठरवा, नाहीतर सगळे म्हणतात मला वाटलं त्यांनी केलं असेल.

फोनवर चार गोष्टी सांगायची सवय लावा: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय. याला एसबीएआर म्हणतात, मूळ अमेरिकन नेव्हीच्या पाणबुड्यांमधलं. आपल्याकडे तिसरी गोष्ट गळते. सिस्टर बीपी 150/100 सांगते, पाय सुजलेत सांगते, पण "मला प्रीएक्लॅम्पशिया वाटतोय" (गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोक्याचा आजार) म्हणत नाही, डॉक्टर काय म्हणतील म्हणून. तेव्हा एमओनेच विचारायचं, सिस्टर तुम्हाला काय वाटतं? आणि अंदाज चुकला तरी "एवढ्यासाठी फोन केला?" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, एकदा काढलंत की पुढचा फोन येतच नाही.

मिटिंगला सगळे खुर्चीवर आणि आशाताई सतरंजीवर, हे आधी बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठेवा पण इमर्जन्सीला कॉलच, आणि पेशंटचे फोटो टाकायचे नाहीत.

शेवटचं, रेफर केलेल्या बाईचं काय झालं ते आशाताईला कळवा. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईची घरी पहिली भेट तिसऱ्या दिवशी असते, मग 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. रक्त चढवलं का, गोळ्या कोणत्या, हे तिला त्या घरी जाऊन विचारावं लागू नये, सिस्टरने डिस्चार्ज कार्ड बघून आदल्या दिवशीच सांगायचं.