पाऊस गेला, आता पिकअप खालून धुवा (संत्रा-कापसाचा सीझन लागायच्या आधी)

शेतकरी भाऊंनो, पाऊस जाऊन राहिला, सोयाबीन कुणाचं निघालं कुणाचं निघून राहिलं, आंबिया बहाराची संत्री तोडायला येतीलच आणि कापसाचा पहिला वेचा पण दिवाळीच्या आसपास सुरू होतो, म्हणजे आता डिसेंबरपर्यंत पिकअपला काही उसंत नाही. आज नागपूरच्या कळमना बाजारात माल, उद्या खताच्या बोऱ्या, परवा मजूर. म्हणून जे काय धुवायचं, घासायचं, जंग काढायची ती आत्ता, हे आठ-पंधरा दिवस हातात आहेत तोवर.

दसऱ्याला गाडी धुवायचा आपला रिवाज आहेच, पण ते धुणं म्हणजे काय तर बोनेट, काच, दरवाजे, हार घातला, झालं. आता काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर कुठल्याही गावात चार-पाच वर्षं जुनी पिकअप बघा, दरवाजे बऱ्यापैकी असतात आणि हौद्याचा, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाचा, पत्रा कोपऱ्यात चाळणी झालेला असतो, मडगार्डच्या आतली कड हाताने तुटते. गाडी खालून आणि हौद्यातून खाल्ली जाते. त्यामुळे यंदा चमकवायला कमी वेळ घाला आणि खाली वाकायला जास्त.

सगळ्यात आधी आपली काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसून दगड होते, जून ते सप्टेंबर जेवढी म्हणून मडगार्डमध्ये, चेसिसच्या कड्यांवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे थापली गेली ती आता तिथे वाळून बसलेली आहे. वरून कोरडी दिसते पण आत ओल धरून ठेवते, आणि ती ओल पत्र्याला चिकटून महिनोन्‌महिने राहते, जंग तिथूनच लागते. ही माती कोरडी असताना खुरप्याने खरडू नका, माती निघते पण सोबत रंगही निघतो आणि मग तो उघडा पत्रा पुढच्या पावसात जातो. आधी नुसतं पाणी मारून पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, परत एकदा मारा, मग ती लोण्यासारखी सुटते. हात घालून बघा, मडगार्डच्या वरच्या भागात जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे एक कड असते, सगळ्यात जास्त गाळ तिथेच बसतो आणि वॉशिंग सेंटरवाला पोट्टा तिथपर्यंत कधीच जात नाही, त्याला पुढची गाडी घ्यायची असते.

आता हौदा. बॉडीच्या आधी हौदा धुवा कारण तिथलं घाण पाणी बाजूच्या पत्र्यावरून खाली येतं, बॉडी आधी धुतली तर परत धुवावी लागेल. आधी कोरडाच झाडून घ्या, सोयाबीनचं कुटार, शेणखताचा चुरा, कापसाच्या सरक्या, सगळं. कापसाचं झाडलेलं शेतात किंवा बांधावर फेकू नका बरं का, वेचलेल्या कापसात गुलाबी बोंडअळी लपून येते, ते गोळा करून जाळून टाका नाहीतर खोल पुरा. हौद्यात रबर मॅट किंवा फळ्या टाकल्या असतील तर त्या बाहेर काढा, काढाच, मॅट टाकली म्हणजे पत्रा वाचला असं वाटतं पण मॅटखाली पाणी अडकलं की तिथला पत्रा उघड्या पत्र्यापेक्षा आधी सडतो. मग हौद्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती शोधा, बहुतेक बुजलेली असतील, खराट्याची काडी घालून मोकळी करा. दरवाजांच्या खालच्या कडेला पण अशीच बारीक भोकं असतात, काचेच्या फटीतून जे पाणी आत जातं ते तिथून बाहेर पडतं, ती बुजली की दरवाजा आतून सडतो आणि रंगाला फोड येईपर्यंत आपल्याला पत्ताच लागत नाही.

हौद्यात आपण काय काय नेतो तेही जरा बघा, कारण नुसत्या पाण्याने एवढी जंग लागत नाही. समुद्रकाठच्या गाड्या मिठाने जंगतात हे सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडे समुद्र नाही पण म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठातला तोच क्लोराईड त्याच्यातही असतो. फाटक्या बोरीतून मूठभर सांडलं, रात्री दव पडलं, की झालं काम. युरिया पण हवेतली ओल ओढून घेतो आणि त्या जागी पत्रा ओला ठेवतो. रब्बीची खतं आता येतीलच, हरभरा-गहू पेरायचाय, तर खत उतरवलं की त्याच दिवशी हौदा झाडून पाण्याने धुवायचा, उद्यावर टाकायचा नाही.

आणि संत्रावाल्यांसाठी खास, बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. पावसाळा संपला की खोडाला बोर्डो पेस्ट लावतो, फवारणी पण असते, ड्रम भरून पिकअपमध्ये बगीच्यात नेतो. मिश्रण बरोबर झालं की नाही हे बघायला आपण काय करतो, विळा किंवा लोखंडी खिळा बुडवतो, त्याच्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, अजून चुना घाला. तो तांबूस थर म्हणजे तांबं लोखंडावर बसतंय आणि त्या बदल्यात लोखंड विरघळून जातंय. हेच हौद्यात होतं! मोरचुदाचं निळं पाणी जिथे रंग उडालेल्या पत्र्यावर सांडलं तिथे तो पत्रा खातं, बारीक बारीक खड्डे पडतात. म्हणून मोरचूद भिजवायचा तो प्लास्टिकच्या ड्रममध्ये, ड्रमला झाकण, आणि शक्य असेल तर मिश्रण बगीच्यात गेल्यावर तयार करा, गाडीत हेलकावे खात नेऊ नका. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी.

संत्र्याचं पण तसंच आहे. क्रेटमध्ये माल असला तर फार त्रास नाही, पण खुला माल भरला की तळाची फळं दबतात, रस गळतो, त्या रसात आंबटपणा आहे, साखर आहे, आणि सालीचं तेल रंगाला आणि प्लास्टिकला चांगलं नाही. कळमन्यात माल उतरला की घरी येऊन जेवण झोप, सकाळी तो रस चिकट होऊन बसतो, त्याच्यावर धूळ बसते, माश्या येतात. कोमट पाणी आणि थोडा गाडीचा शॅम्पू, जाड ब्रशने घासलं की निघून जातं, त्याच दिवशी केलं तर नुसत्या पाण्यानेही जातं.

कीटकनाशक हौद्यात सांडलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी पाणी मारू नका. हातमोजे घाला, माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्या, तो भुसा वेगळा गोळा करा, मग साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, आणि ते पाणी विहीर, नाला, गोठा यांच्या जवळपास जायला नको. त्याच हौद्यात दुसऱ्या दिवशी भाजी, कडबा किंवा माणसं बसवायची असतात हे लक्षात ठेवा.

प्रेशरचं बोलू. बहुतेकांकडे फवारणीचा एचटीपी पंप आहेच, त्यानेच गाडी धुतात, हरकत काही नाही, पण आधी टाकी, पाईप, गन स्वच्छ धुऊन घ्या, तणनाशकाचं उरलेलं पाणी गाडीवर आणि तुमच्या अंगावर कशाला. चेसिस, मडगार्ड, चाकं इथे जोर लावा, बॉडीच्या रंगावर मात गन निदान हातभर लांब ठेवा, विशेषतः जिथे रंगाला पोपडा आलाय किंवा रेडियमच्या पट्ट्या लावल्यात तिथे. रेडिएटरची जाळी, वायरिंगचे सॉकेट, चाकाच्या बेअरिंगची सील यांच्यावर थेट धार नको. आणि धुतल्यानंतर ग्रीस मारून घ्या, प्रेशरच्या पाण्याने प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसमधलं, पाट्यांच्या पिनांमधलं ग्रीस निघून जातं, बरेच जण ग्रीसिंग करून मग धुतात, हे उलटं झालं.

वॉशिंग झालं की "भाऊ, खाली डिझेल मारू का" असं विचारतात, किंवा जळालेलं ऑईल. माझं मत विचाराल तर नाही म्हणा. दोन दिवस खाली काळं चकचकीत दिसतं, मग त्याच्यावर धूळ चिकटून थर होतो, रबरी बुश फुगतात, ब्रेकमध्ये गेलं तर धोका, आणि गळलेलं ऑईल शेवटी जमिनीतच जाणार. जंग थांबवायचीच असेल तर अंडरकोटिंग किंवा चेसिसचा काळा पेंट मारा, पण गाडी धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात पूर्ण वाळल्यावरच, कारण ओल्या मातीवर कोटिंग मारलं म्हणजे ओल आत कोंडली. आणि ती भोकं कोटिंगने बुजवू नका.

बॉडी धुणं तसं सोपं आहे. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी बोनेटला हात लागत नाही, त्या वेळी साबण लावला की जागीच वाळतो, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर सावलीत. आधी नुसतं पाणी मारून धूळ उतरवा, मग वरून खाली. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू, दुसरीत फडका खळबळायचं साधं पाणी, खालच्या भागाचा फडका परत वर नेऊ नका, त्यातली रेती रंगावर चरे पाडते. कपड्याची पावडर वापरू नका, ती रंगावरचं वॅक्स काढून टाकते. कोराडी, खापरखेड्याकडे ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांच्या गाडीवर तिथल्या वीज केंद्रांच्या राखेचा पातळ थर असतो, उमरेडकडे खाणींमुळे कोळशाची धूळ, हे कोरड्या फडक्याने पुसायची सवय लय वाईट, चरे पडून पडून रंग निस्तेज होतो, आणि मग आपण म्हणतो कंपनीचा रंगच खराब.

बोअरच्या पाण्याने धुतलं तर पांढरे डाग राहतात, क्षाराचे. उपाय एकच, वाळू देऊ नका, धुतल्या धुतल्या मायक्रोफायबरने किंवा मऊ सुती कापडाने पुसून घ्या. जुने डाग असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून फडक्याने हलकं पुसा, मग साध्या पाण्याने धुऊन टाका. त्यानंतर वर्षातून तीन-चारदा वॅक्स लावलं तरी पुष्कळ झालं. चिंचेखाली, आंब्याखाली गाडी लावता तेव्हा मावा-तुडतुड्यांचा चिकटा आणि पाखरांची घाण पडते, ती उन्हात रंगात भाजली जाते, दिसली की ओल्या फडक्याने भिजवून काढा, नखाने नको.

दसऱ्याची पूजा जरूर करा, पण हार तारेने बांधला असेल तर ती तार वाऱ्याने बोनेटवर घासते, सुतळीने बांधा. हळदकुंकू संध्याकाळीच पुसून घ्या, कुंकवाचा रंग पांढऱ्या गाडीवर चांगलाच धरतो.

आता जिथे जिथे जंग दिसली तिथे. थोडी असतानाच आटपा, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जायची गरज नाही. जाड पॉलिश पेपरने जंग पूर्ण काढा, चकाकता पत्रा दिसला पाहिजे, आजूबाजूचा रंगही थोडा घासा म्हणजे कड राहणार नाही, मग बारीक पेपर, कोरड्या फडक्याने पुसा, रेड ऑक्साईड प्रायमरचे दोन पातळ हात, मधे वाळू द्या, वर गाडीच्या रंगाचा हात. हौद्याच्या आत रंग जुळला नाही तरी कोण बघतंय. जंगावरच रंग फासला तर सहा महिन्यांत फोड. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडत्या फळीच्या, कड्या आणि बिजागऱ्यांना थोडं तेल द्या.

मागचे लाल, बाजूचे पिवळे, पुढचे पांढरे रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेट यांच्यावरचा चिखल काढायला विसरू नका, या महिन्यांत कापसाच्या गाड्या, बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात आणि नोव्हेंबरपासून सकाळी धुकं पडतं. आणि गाडीच्या फिटनेस तपासणीला जाल तेव्हा तिथेही बघतातच, आठ वर्षांपर्यंतची गाडी दर दोन वर्षांनी, त्यापुढची दरवर्षी न्यावी लागते.

धुऊन झालं की लगेच माल भरू नका, थोडं अंतर हळू चालवून ब्रेक दोन-चारदा दाबून सुकवा. ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून रात्रभर ठेवला तर ब्रेकचे शू चिकटतात, त्यापेक्षा गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.

एक गोष्ट बगीच्यावाल्यांनी वेगळी लक्षात ठेवा. संत्र्याचा डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, फायटोप्थोरा बुरशीने होतो, ती मातीत आणि पाण्यात राहते, म्हणजे रोगट बगीच्यातली ओली माती टायरला लागून तुमच्या चांगल्या बगीच्यात येऊ शकते. दुसऱ्याच्या बगीच्यातून किंवा नर्सरीतून आलात तर गाडी बांधावर थांबवा, टायर आणि मडगार्ड तिथेच धुवा, आत आणूच नका, तोडणीवाल्या व्यापाऱ्याच्या गाडीलाही तसं सांगा, तो तोंड वाकडं करेल पण सांगा. धुण्याचं पाणी झाडाच्या आळ्यात जाता कामा नये. कालव्यात, नदीत गाडी उतरवून धुवायची पद्धत पण सोडा, ते पाणी खाली कुणीतरी पितं. मुरूम टाकलेली थोडी उतरती जागा बघा, विहिरीपासून लांब, गाडीचं तोंड वरच्या बाजूला आणि फाळका उघडा ठेवून, म्हणजे हौद्यातलं पाणी आपोआप निथळतं, आणि सीझनभर रात्री गाडी तशीच लावा.