ऑक्टोबरच्या उन्हात डाळी-रवा भरून ठेवताना

पाऊस गेला की आधी डबे रिकामे करा, कारण पावसाळ्याची ओल तळाशी राहते आणि तिथेच पोरकिडे होतात. तूरडाळ, मूग, मटकी कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पण तांदूळ नको हां, कडक उन्हात त्याचा तुकडा पडतो, तो सावलीतच पसरा आणि डब्यात कडुनिंबाचा सुका पाला टाका. तूरडाळीला किलोला चमचाभर एरंडेल चोळा. वाळवलेलं पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावूच नका, आत वाफ धरते. रवा कोरडाच मंद भाजून ठेवायचा, खमंग वास आला की बास. मग संध्याकाळी कंटाळा आला तरी कांदा-मिरची फोडणीला टाकून दहा मिनिटांत उपमा होतो.