पाणी सोडण्याआधी खडक बघा: रिझर्व्हॉयरच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याकडच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या पोरापोरींचे फोन येतात. पॅकेज किती, पोस्टिंग कुठे, समुद्रात जावं लागतं का. या सगळ्यांपेक्षा मुद्द्याचा प्रश्न आमच्या चोपड्याच्या आप्पांनी विचारला होता: "पानी टाकीसन तेल कसं निंघस व माय?" रिझर्व्हॉयर म्हणजे जमिनीखालचा तेलसाठा, आणि तो हाताळणाऱ्या इंजिनिअरची निम्मी नोकरी या एका प्रश्नावर चालते, म्हणून त्याचंच उत्तर देते.

तेल जमिनीखाली तळ्यासारखं साठलेलं नसतं, खडकाच्या बारीक छिद्रांत असतं. सुरुवातीला ते स्वतःच्या दाबाने वर येतं. दाब एका मर्यादेखाली गेला की तेलात विरघळलेला वायू सुटतो, उरलेलं तेल आणखी दाट होतं आणि विहीर थकते. म्हणून काही विहिरींतून पाणी आत ढकलायचं. दाबही टिकतो आणि पाणी तेलाला उत्पादन विहिरीकडे रेटत नेतं. हेच वॉटरफ्लडिंग.

रेटणारं पाणी पातळ आणि रेटलं जाणारं तेल दाट, ही पहिली अडचण. पाणी किती सहज वाहतं आणि तेल किती सहज वाहतं, याच्या गुणोत्तराला मोबिलिटी रेशो म्हणतात. ही सहजता म्हणजे सापेक्ष पर्मिएबिलिटी (दोन द्रव एकत्र असताना खडक प्रत्येकाला किती वाट देतो) भागिले व्हिस्कॉसिटी (दाटपणा, सेंटिपॉइजमध्ये मोजतात). कागदावर करून बघा. पाण्याची सापेक्ष पर्मिएबिलिटी 0.3, तेलाची 0.8, पाण्याची व्हिस्कॉसिटी 0.5 सेंटिपॉइज धरा. तेल 2 सेंटिपॉइजचं असेल तर रेशो येतो 1.5, म्हणजे चालण्यासारखं. तेच तेल 50 सेंटिपॉइजचं केलं की रेशो 37.5. खडक तोच, पाणी तेच. आता छिद्रांत अशी अवस्था घ्या की दोघांची सापेक्ष पर्मिएबिलिटी सारखी आहे. पातळ तेलाच्या बाबतीत वाहणाऱ्या द्रवात पाणी 80 टक्के असेल, दाट तेलाच्या बाबतीत 99 टक्के. दाट तेलाच्या विहिरीवर तुम्ही जवळजवळ नुसतं पाणी उपसताय आणि त्याच्या विल्हेवाटीचा खर्च करताय. ही आकडेमोड बकली आणि लेव्हरेट यांनी 1942 साली मांडलेल्या पद्धतीतून येते. ग्राफ पेपरवर स्पर्शिका काढून ती एकदा हाताने करा. सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून ती डोक्यात शिरत नाही.

एक व्यवहारातली गोष्ट. बाटलीत आलेलं तेल बघून व्हिस्कॉसिटी ठरवू नका. वर येईपर्यंत त्यातला वायू निघून गेलेला असतो आणि ते गार झालेलं असतं. खाली, त्या तापमानाला आणि दाबाला, तेच तेल कितीतरी पातळ असतं. अहवालात आकडा दिसला की तो कोणत्या परिस्थितीतला आहे हे आधी विचारा.

नवखे इथे थांबतात: दाट तेल वाईट, पातळ तेल चांगलं. माझं मत वेगळं आहे. खडक पूर्ण एकजिनसी असता तर दाट तेलाचाही एवढा धाक वाटला नसता. खडक तसा नसतो, हे खान्देशातल्या माणसाला सांगावं लागू नये. चोपडा, यावल, रावेरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा बझाडा पट्टा आहे, त्यात पाणी झरझर मुरतं. तिथून तापीकडे उतरत गेलं की मातीचे घट्ट थर लागतात आणि मुरण्याचा वेग पार बदलतो. तेलाच्या खडकात असा फरक अनेकदा काही इंचांत सापडतो.

दोन थर घ्या. जाडी आणि सच्छिद्रता सारखी, पण एकाची पर्मिएबिलिटी (द्रव वाहू देण्याची क्षमता) 500 मिलीडार्सी आणि दुसऱ्याची 50. एका थरातून दुसऱ्या थरात काही जात नाही असं धरा. मोबिलिटी रेशो 1 असतानाही वेगवान थरातलं पाणी उत्पादन विहिरीत पोचतं तेव्हा संथ थरात ते फक्त दहावा हिस्सा अंतर चाललेलं असतं. रेशो 37.5 केला तर जेमतेम 5 टक्के. आता दुसरा थर 250 मिलीडार्सीचा करा. रेशो 1 ला संथ थर निम्मा धुतला जातो, 37.5 ला फक्त 30 टक्के. आणि दोन्ही थर सारखेच असतील तर या पद्धतीत रेशो काहीही ठेवा, पाणी दोन्हीकडे एकदमच पोचतं. थरांमधला फरक खडकाचा असतो, दाट तेल तो फुगवतं. डायक्स्ट्रा आणि पार्सन्स यांनी 1950 मध्ये हे सूत्रात बांधलं. त्यांचा गुणांक 0 म्हणजे एकजिनसी खडक, 1 च्या जवळ म्हणजे कमालीचा विस्कळीत. प्रत्यक्षात तो बहुतेक 0.5 ते 0.9 च्या दरम्यान असतो.

त्यात थरांचा क्रमही आला. जास्त पर्मिएबिलिटीचा थर तळाशी असेल तर जड पाणी तिथेच घुसून पुढे पळतं. तोच थर वर असेल तर गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने काम करतं. गुणांक दोन्हींना एकच येतो! म्हणून नुसत्या गुणांकावर विसंबणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

भारतातली उदाहरणं याच नजरेने बघा. मुंबई हाय, 1974 साली सापडलेलं: तेल हलकं, पण चुनखडीचे थर एकमेकांपासून फार वेगळे, त्यामुळे डोकेदुखी खडकाची. बाडमेरचं मंगला, 2004 साली सापडलं, 2009 मध्ये उत्पादन सुरू: वाळूचा खडक उत्तम, पण तेल मेणचट आणि पाण्याच्या मानाने दाट. तिथे मेण गोठू नये म्हणून गरम पाणी सोडलं, आणि पुढे पाण्यात पॉलिमर मिसळून त्याला दाट केलं, म्हणजे रेशो खाली येतो. मेहसाण्याच्या बालोल-संथालमध्ये तेल इतकं जड की पाण्याऐवजी हवा सोडून खालीच थोडं तेल जाळण्याचा मार्ग धरला. गंमत म्हणजे अंकलेश्वर-मेहसाण्याच्या त्या खंबात खोऱ्याचा तळ आपल्याच दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे.

कोअर लॅबमध्ये जायची संधी मिळाली तर सोडू नका. लाकडी खोक्यात कापलेला कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल, मांडलेला असतो. एका फुटात फिकट वाळू, मग गडद रेघ, मग पुन्हा वाळू. कोअरमधून काढलेल्या छोट्या नमुन्याला प्लग म्हणतात; साफ करून वाळवलेल्या दीड इंची प्लगवर पाण्याचा थेंब टाकला तर एकावर तो पटकन शोषला जातो, दुसऱ्यावर बराच वेळ तसाच बसतो. आणि नीट बघितलंत तर कळतं की भुसभुशीत, सहज सुटणाऱ्या वाळूतून प्लग धड निघतच नाही. म्हणजे पाणी जिथून पळणार तोच थर आकडेवारीतून गळतो. प्लगच्या यादीबरोबर कोअरचे फोटो आणि लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदी) मागून घ्या, ते कोणी आपणहून देत नाही.

आता शिक्षणाचं. जळगावच्या विद्यापीठात केमिकलचं शिक्षण घेतलं तरी या कामाचा पाया होतो, कारण द्रव प्रवाह आणि ऊष्मागतिकी तुम्ही शिकलेलेच असता. भूशास्त्र मात्र स्वतः भरून काढावं लागतं. पुढे पेट्रोलियमसाठी धनबादचं आयआयटी आहे, गांधीनगरचं पंडित दीनदयाळ एनर्जी युनिव्हर्सिटी आहे. गेट परीक्षेला पेट्रोलियमचा स्वतंत्र पेपर असतो. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातीत रिझर्व्हॉयरच्या पदाला कोणत्या शाखा चालतात हे ओळ न ओळ वाचा, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर राहू नका. ओएनजीसीची रिझर्व्हॉयरवर काम करणारी संस्था अहमदाबादला आहे. सुरत-भुसावळ लाइनवरच्या माणसाला हे काही परदेश नाही.

घरी बसून सराव करायचा तर ओपीएम फ्लो हा सिम्युलेटर (खडकातला प्रवाह संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे. एसपीई टेन नावाचं तेलसाठ्याचं मॉडेलही सगळ्यांना खुलं आहे: 60 गुणिले 220 गुणिले 85, म्हणजे अकरा लाखांवर कप्पे. वरचे 35 थर बऱ्यापैकी सलग बदलणारे, खालचे 50 जुन्या नदीपात्रांनी चिरलेले. साध्या लॅपटॉपवर अख्खं चालवायचा हट्ट धरू नका, वरचा एक थर आणि खालचा एक थर उचला. दोन्हींत तेलाची व्हिस्कॉसिटी आधी 1, मग 10, मग 50 ठेवा आणि ब्रेकथ्रू (उत्पादन विहिरीत पाणी पोचणं) कधी होतो ते एका आलेखावर काढा. मुलाखतीला जाताना तो आलेख सोबत ठेवा.