फॉरमॅट मारण्याआधी ड्रायव्हर गोळा करून ठेवा

फोटो आणि फाइल्सचा बॅकअप घेतला असेलच, त्यावर बोलत नाही. लॅपटॉपवर विंडोज नव्याने बसवताय, तर वाय-फायचा ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) घेतलात का? तो आधी उतरवा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. नव्या विंडोजला वाय-फाय कार्ड ओळखता आलं नाही तर नेट नाही, आणि नेट नाही तर ड्रायव्हर आणणार कुठून? विंडोज ११ तर सेटअपमध्येच नेट मागतं आणि तिथेच अडून बसतं. मागच्या खेपेला मी रात्री शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणला होता.

आधी मॉडेल नीट बघा. नुसतं ‘इन्स्पिरॉन’ किंवा ‘पॅव्हिलियन’ पुरत नाही, त्या नावाखाली ढीगभर मॉडेलं आहेत. पाठीवरच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर (डेल असेल तर सर्व्हिस टॅग) कंपनीच्या सपोर्ट पानावर टाका. तिथेही एक गोची असते: एकाच मॉडेलसाठी इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक असे दोन-तीन वाय-फाय ड्रायव्हर दिसतात. आपलं कार्ड कुठलं ते आत्ताच, जुनं विंडोज चालू असताना, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) बघून घ्या. नंतर तिथे पिवळं चिन्ह आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ एवढंच उरतं. तरी अडलंच तर प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघा: ‘व्हीईएन’पुढे ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक.

टचपॅड, ऑडिओ, फंक्शन कीज यांचे ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीकडूनच घ्या. ग्राफिक्सचा मात्र थेट एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साइटवरून, कारण लॅपटॉपवाल्यांच्या पानावरचा बरेचदा जुना असतो. बाकीचं विंडोज अपडेटमधल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये सापडतं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या प्रिंटर-स्कॅनरसाठी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग बघा. तिथे कॅब फाइल (झिपसारखी आवळलेली) मिळते. ती उघडून डिव्हाइस मॅनेजरला तो फोल्डर दाखवायचा.

‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअरं नकोत म्हणजे नकोत. गूगलवर सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं तिथेही बोट लावू नका. हिरवं मोठं डाउनलोड बटण दिसलं की टॅब बंद.

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज बसवताना एसएसडीच दिसत नाही. डिस्क मेली असं समजून दुकानात धावू नका. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लागतो, आणि तोही उघडून ठेवलेला; सेटअपला नुसती ईएक्सई (डबल-क्लिक करून चालवायची फाइल) कळत नाही.

हे सगळं त्याच पेन ड्राइव्हवर टाकणार असाल तर आधी तो बूटेबल करा (म्हणजे त्यावरून विंडोज बसवता येईल असा), मग ड्रायव्हर टाका. उलटं केलंत तर बूटेबल करताना सगळं पुसलं जातं, वाय-फायच्या ड्रायव्हरसकट. हो, पुन्हा तेच सांगतोय. अगदीच विसरलात तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला) चालू करा, बहुतेक वेळा चालून जातं. पण त्या भरवशावर बसू नका.

बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की कागदावर. चार्जर लावलेला. बसवून झालं की आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचा) ड्रायव्हर, रीस्टार्ट, मग बाकीचे. बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) अपडेट आज नको.