भाची, खुर्ची आणि माझा न संपलेला प्रोजेक्ट

डिप्लोमाच्या फायनल प्रोजेक्टला भाचीचे पोर्ट्रेट घ्यायचं ठरवलं तेव्हा ती ११ वर्षांची होती, मला वाटलेलं सहा महिन्यांत उरकेल, आता ती १६ची झाली तरी चालूच आहे. असलं काही करायचं मनात असेल तर माझे धडपडीचे अनुभव वाचा.

आयडिया उसनी आहे. रिनेके डाइक्स्ट्रा या डच फोटोग्राफरने १९९४ ला निर्वासित केंद्रात एका छोट्या बोस्नियन मुलीचा खुर्चीत बसवून फोटो काढला आणि २००८ पर्यंत तिचेच काढत राहिली. पहिल्यात पाय जमिनीला टेकत नाहीत, शेवटच्यात मांडीवर तिचं स्वतःचं बाळ! मग मीही गावच्या घरच्या सोप्यातली लाकडी खुर्ची धरली, दारातला उजेड आणि ५० एमएम लेन्स. (क्रॉप सेन्सरवर, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तो ७५ सारखा पडतो, चौकटीत कमी मावतं, मागे सरकायला जागा नसेल तर ३५ घ्या, मी भिंतीला पाठ घासून घासून शिकले.)

तेराव्या वर्षी पाळी आली आणि सगळं बदललं. कुठूनही उडी मारणारी पोरगी गुडघे जुळवून, छातीशी उशी धरून बसायला लागली. वहिनी म्हणाली आता पुरे झाले फोटो, पण ते सोडा, भाचीच नाही म्हणाली. आठ महिने! इकडे सर म्हणतायत हीच तर इंटरेस्टिंग फेज आहे, सोडू नकोस. मी चिडले, मग नुसत्या खुर्चीचे फोटो काढले, तेही प्रोजेक्टमध्ये ठेवलेत. जुने फोटो परत बघताना कळलं की मी तिचं दात पडलेलं हसूच तेवढं निवडत होते, रुसलेली, कंटाळलेली ती सगळी बाजूला.

फोटोग्राफर गौरी गिल यांनी २००३ ला राजस्थानात लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात फोटो स्टुडिओ थाटला होता, त्यात कसं उभं राहायचं ते मुलींनीच ठरवलं. ते वाचून मी कॅमेऱ्याचा रिमोटच भाचीच्या हातात दिला.

१८च्या आतली मुलगी असेल तर आईवडलांची लेखी परवानगी घ्याच, पण तिला स्वतःला दरवेळी नव्याने विचारा, मागच्या वेळचं हो धरून चालू नका. फोटो आधी तिला दाखवा, ती फुली मारेल तो तिच्यासमोर डिलीट. माझे दोन बेस्ट फोटो असे गेलेत, अजून जीव तुटतो.

गेल्या दिवाळीला तिने खुर्ची उलटी फिरवली, पाठीवर हनुवटी टेकली आणि मला म्हणाली, आत्या, तू जरा बाहेर जा ना.