लेखनाचा तास घेताय? या चुका टाळा

"बाई, किती ओळी लिहू?" लेखनाच्या तासाला पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. कळव्यात तिसरीच्या वर्गावर मी पहिल्यांदा लेखन कार्यशाळा घेतली तेव्हा "दहा" असं सांगून मोकळी झाले. सगळ्यांनी मोजून दहा ओळी लिहिल्या आणि निम्म्या वर्गाची दहावी ओळ एकच होती: 'मला पाऊस खूप आवडतो.' ओळींचा आकडा सांगू नका. "तुझी गोष्ट मला डोळ्यांपुढे दिसेपर्यंत लिही," एवढं पुरतं.

लाल पेन हातात घेऊन वाचणं

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच. खाडीकाठच्या एका मुलाने लिहिलं होतं: 'बाबा खाडीवरून आयले. टोपलीन निवट्या व्हत्या. एक निवटी उडाली आन आजीचे पदरान बसली.' (निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा.) मी आयलेचं आले केलं, टोपलीनचं टोपलीत, व्हत्याचं होत्या, आनचं आणि, आजीचेचं आजीच्या, पदरानचं पदरात. तीन वाक्यांत सहा लाल गोल. पुढच्या आठवड्यात त्याने लिहिलं: 'माझे बाबा चांगले आहेत. ते काम करतात. मला ते आवडतात.' एकही चूक नव्हती. निवटीही नव्हती.

आता पहिलं वाचन मी पेन खाली ठेवून करते. वाचून झालं की मजकुराबद्दल एकच प्रश्न विचारते: "निवटी पदरात बसल्यावर आजी काय म्हणाली?" पोर भडाभडा सांगायला लागतं. मग म्हणायचं, "हेच लिही." शुद्धलेखन हवंच, पण त्याची वेळ नंतरची. पक्क्या वहीत उतरवताना सांगायचं, "घरी आपण आयले म्हणतो, पुस्तकात आले लिहितात." आठ वर्षांच्या मुलाला दोन्ही सहज पेलतं. आजीच्या तोंडचं वाक्य मात्र आजीच्याच बोलीत राहू द्या. आगरी-कोळी घरातल्या मुलाला आपली भाषाच चूक वाटली, तर लिहिण्यासारखं त्याच्याकडे काही उरत नाही. आणि 'पाणी'चं 'पानी' दहा वह्यांत दिसलं तर दहा वह्यांत गोल मारू नका, दुसऱ्या दिवशी फळ्यावर न-ण घ्या.

विषय आपणच देणं

'माझा आवडता ऋतू' दिला की निबंधमालेतली वाक्यं येतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये लेखन-शिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड ग्रेव्हज आणि त्यांचे सहकारी १९७८ ते १९८० या काळात एका प्राथमिक शाळेत मुलांच्या शेजारी बसून त्यांचं लिहिणं पाहत होते. मुलांना आपला विषय आपण निवडू द्यावा, यावर ग्रेव्हज यांचा भर होता. पण नुसतं "हवं ते लिहा" म्हटलं तर "सुचत नाही" हेच ऐकू येतं. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर यादी करून घ्या: मी कुठे पडलो, काय हरवलं, कधी घाबरले, पहिल्यांदा काय केलं. लिहिण्याआधी दोन मिनिटं शेजारच्याला गोष्ट सांगू द्या. आमच्या वर्गातली एक अबोल मुलगी ठाणे स्टेशनच्या पुलावर आईचा हात सुटला ते सांगायला लागली, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही वळून ऐकत होती.

'तलावपाळीला गेलो, खूप मजा आली' असं आलं तर "मजा नेमकी कधी आली?" असं विचारा. बोटीत चढताना दादाची चप्पल पाण्यात पडली होती. गोष्ट तिथे आहे.

पस्तीस मिनिटांतली पंधरा आपणच बोलणं

सुरुवातीचा धडा सात-आठ मिनिटांचा आणि एकाच मुद्द्याचा असू द्या. वाक्य कुठे संपतं, किंवा 'छान'ऐवजी काय दिसलं ते कसं लिहावं, बस. फळ्यावर स्वतः चार ओळी लिहा आणि मुलांसमोर त्यातली एक खोडा. बाईसुद्धा खोडतात हे पाहून रबर घासत बसणारी मुलं पुढे सरकतात. वह्या आधीच बाकांवर ठेवा, टोक केलेल्या पेन्सिलींचा एक डबा टेबलावर असू द्या, नाहीतर शार्पनर शोधण्यातच तास जातो. शेवटची पाच मिनिटं वाचून दाखवायला राखून ठेवा. दर वेळी त्याच तीन हुशार मुलांना उभं करू नका.

चाळीस मुलांशी एका तासात बोलता येत नाही. मी रोज चार मुलांजवळ बसते. दहा तासांत वर्ग पूर्ण होतो. नावं टिपून ठेवते, म्हणजे गप्प मूल सुटत नाही.

चौथ्या मिनिटाला "बाई, झालं!"

नवी गोष्ट देऊ नका. जे घडलं त्याचं चित्र काढायला सांगा. चित्रात जे दिसतं आणि लिखाणात नाही, ते लिहायचं.

पालकांना न सांगणं

"बाई वही तपासत नाहीत," असा निरोप ग्रुपवर फिरायच्या आधी पहिल्याच पालकसभेत कच्ची वही आणि पक्की वही शेजारी ठेवून दाखवा. कच्च्या वहीत चुका असणारच, आणि घरी बसून त्या दुरुस्त करू नका, हे स्पष्ट सांगा. आईने सांगून लिहून घेतलेली गोष्ट लगेच ओळखू येते.

वर्षअखेरीला आम्ही वर्गाचं हस्तलिखित बांधतो. प्रत्येकाचं एक पान, स्वतःच्या अक्षरात. त्या मुलाला निवटीची गोष्ट पुन्हा लिहायला मी स्वतः जाऊन सांगितलं. या खेपेस ती दीड पान झाली. आजी त्यात ओरडते, टोपली उलटते आणि बाबा निवट्यांमागे घरभर धावतात.